वाचक विचारतात : मे सोत, ताक प्रांत आणि नदीपलीकडचं म्यानमार

मागच्या अंकात म्यानमारच्या सायबर स्कॅमच्या अड्ड्यांतून सुटून आलेल्या भारतीय मुलांवर एक छोटा मजकूर दिला होता. त्यात "थायलंडच्या मे सोत इथून हवाई दलाच्या विमानाने परत आणलं" एवढं एकच वाक्य त्या गावाबद्दल होतं, आणि नेमकी त्याच वाक्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं आलं. सगळ्यांना सगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून त्यातले थोडे निवडलेत. मे सोत ज्या प्रांतात आहे त्याचं नाव ताक. पिण्याच्या ताकावरचे विनोद पाच-सहा जणांनी आधीच पाठवलेत, तेव्हा नवीन नकोत.

प्रश्न : हे मे सोत नक्की आहे कुठे? बँकॉक-पट्टाया करून आलो, कोणी नावसुद्धा काढलं नाही. (दादर)

उत्तर : नाव कशाला काढतील, तिकडे टूरवाले नेतच नाहीत. बँकॉकपासून वर उत्तर-पश्चिमेला साधारण सव्वाचारशे किलोमीटर गेलात की ताक शहर लागतं, पिंग नदीच्या काठावर, तेच प्रांताचं मुख्य ठाणं. तिथून पश्चिमेला डोंगर चढून उतरायचा, पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि मग मे सोत. मे सोतच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर मोई नदी, आणि नदीच्या पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. झाला थायलंड संपला.

प्रांत आकाराने आपल्या गडचिरोलीपेक्षा मोठा आणि माणसं गडचिरोलीपेक्षा कमी, नोंद झालेली साडेसहा लाखांच्या थोडी वर. उत्तरेला चियांग माई, दक्षिणेला कांचनबुरी (क्वाय नदीवरचा पूल जिथे आहे ते), आणि पश्चिमेची सगळी कड म्यानमारला लागून, पाचशे किलोमीटरच्या वर. बहुतेक भाग डोंगर आणि जंगल.

पण नकाशात न दिसणारी गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं. या प्रांताची खरी सीमा नदी नाहीये, मधला डोंगर आहे. ताक शहर, बान ताक, साम न्गाओ, वांग चाओ हे चार तालुके डोंगराच्या पूर्वेला; मे सोत, मे रामात, था सोंग यांग, फोप फ्रा, उम्फांग हे पाच पश्चिमेला. पूर्वेकडचं पाणी पिंग नदीतून चाओ फ्रायाला मिळतं आणि बँकॉकजवळ समुद्रात जातं. पश्चिमेकडचं बहुतेक पाणी मोईत, आणि ही मोई उलटीच, म्हणजे उत्तरेकडे वाहते, सव्वातीनशे किलोमीटर वाहून साल्वीन नदीला मिळते आणि साल्वीन खाली म्यानमारच्या मॉलमीन बंदराशी समुद्रात. म्हणजे एकाच प्रांतातले दोन ओढे, एक बँकॉकला जाणार आणि एक ब्रह्मदेशात.

पाऊसही तसाच. अंदमानच्या समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, आधी म्यानमारमधली दावना रांग आणि मग हे डोंगर, त्यामुळे मे सोतला चांगला पाऊस आणि ताक शहर पर्जन्यछायेत. लोणावळा आणि पुणे डोक्यात आणा. ताक शहर तर इतकं तापतं की एप्रिल २०२३ मध्ये पारा ४४ च्या पुढे गेला होता, थायलंडच्या आजवरच्या सगळ्यात जास्त तापमानांत त्याची गणना होते.

आणि हो, नदी ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे. मे सोतला दहा वाजले की म्यावाडीला साडेनऊ.

प्रश्न : ताक प्रांतात मोठं धरण आहे असं ऐकून आहे, कोयनेएवढं आहे का? मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. (विलेपार्ले)

उत्तर : काका, कोयना लहान वाटेल. भूमिबोल धरण, साम न्गाओ तालुक्यात पिंग नदीवर, काँक्रीटचं कमानी धरण, १५४ मीटर उंच. साठा १,३४६ कोटी घनमीटर, म्हणजे तुमच्या भाषेत साधारण पावणेपाचशे टीएमसी. कोयना १०५. गंमत म्हणजे दोन्ही धरणं एकाच काळातली, भूमिबोलचं उद्घाटन १९६४ चं. आधी यान्ही धरण म्हणायचे, मग राजाचं नाव दिलं. जागतिक बँकेचं कर्ज होतं.

पाणी आणि वीज मुख्यतः खालच्या मैदानाला आणि बँकॉकला. कोयनेच्या विजेवर मुंबई उजळली आणि पाटणच्या खोऱ्यातले लोक अंधारात राहिले हे तुम्ही आम्हाला जास्त चांगलं सांगाल, तर तिथेही जलाशयात गावं गेलीच.

प्रश्न : या भागाला काही इतिहास आहे की नुसतं जंगल? (गिरगाव)

उत्तर : भरपूर आहे, आणि बहुतेक लढायांचा, कारण ब्रह्मदेशातून सयामवर (थायलंडचं जुनं नाव) फौज न्यायची तर दोनच मोठ्या वाटा होत्या. एक खाली कांचनबुरीची तीन पॅगोड्यांची खिंड, दुसरी इथली मे लामाओची खिंड. आपल्याकडे घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांना जे महत्त्व तेच ताकला.

सगळ्यात जुनी नोंद सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या राजा रामखम्हेंगच्या शिलालेखात, १२९२ चा मानतात. त्यात राजा स्वतः सांगतो की मी १९ वर्षांचा असताना चोत गावचा खुन साम चोन हा ताकवर चालून आला, बापाचे लोक पळाले पण मी हत्ती पुढे घातला आणि त्याच्या हत्तीला हरवलं. हे चोत म्हणजे आजचं मे सोत असं मानलं जातं. म्हणजे बघा, तेव्हाही मे सोत आणि ताक दोन वेगळ्या बाजूंचे.

पुढे १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी अयुथ्या हे राजधानीचं शहर जाळून टाकलं. ताकचा एक अधिकारी, नाव सिन, बाप चिनी व्यापारी कुळातला, तो वेढ्यातून थोडी माणसं घेऊन निसटला, पूर्वेच्या किनाऱ्यावर जाऊन सैन्य जमवलं, आणि त्याच वर्षी परत येऊन ब्रह्मी ठाणी उठवली. ताकचा सिन, म्हणून लोक ताकसिन म्हणतात. त्याने थोनबुरीला राजधानी केली, १७८२ पर्यंत राज्य केलं, शेवट वाईट झाला, त्याच्याच सरदारांनी बाजूला करून मारलं आणि आजचं चक्री घराणं गादीवर आलं, बँकॉक शहर त्यानंतरचं. आपल्याकडे पानिपतानंतर माधवराव पेशवे सगळं सावरत होते, अगदी तोच काळ. ताक शहरात त्याचं देऊळ आहे आणि लोक नवस बोलतात.

प्रश्न : आमचं मूळ गाव रत्नागिरी, थिबा पॅलेसच्या जवळच घर. थिबा राजाचा आणि या सीमेचा काही संबंध आहे का? घरात वाद झालाय. (लालबाग)

उत्तर : हा प्रश्न वाचून मी खुर्चीत नीट बसलो. आहे, आणि तो मुंबईतून जातो.

सुरुवातीपासून सांगतो. पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध १८२४ ते १८२६, शेवटी यांडाबूचा तह, त्यात आराकान आणि तेनासरिम हे दोन किनारी प्रदेश इंग्रजांना मिळाले. तेनासरिम म्हणजे मॉलमीनपासून खालची पट्टी, आणि तिची पूर्वेची कड सयामला लागते. एवढे दिवस सयाम आणि ब्रह्मदेश यांच्यामध्ये रेघ अशी नव्हतीच, डोंगरात करेन जमातीचे लोक राहायचे, कधी याला खंडणी कधी त्याला. इंग्रजांना रेघ लागते. कारण साग. मॉलमीनला लाकडाच्या वखारी, गोदी, जहाजं, आणि लाकूड येणार साल्वीन आणि मोईच्या खोऱ्यातून. हत्तींनी ओंडके ओढून ओढ्यात टाकायचे, पावसाळ्यात पुराबरोबर ते मोईतून साल्वीनला, साल्वीनमधून मॉलमीनच्या वर अडवून धरायचे. जंगल कोणाचं, पैसे कोणाला द्यायचे, यावरून भांडणं, चियांग माईच्या राजांशी तर कोर्टकचेऱ्या. म्हणून १८६८ मध्ये इंग्रज आणि सयाम यांच्यात करार होऊन तेनासरिमची सीमा ठरली, आणि या भागात ती मोई नदीच्या पात्रातून गेली. तीच आज थायलंड-म्यानमारची सीमा.

आता लक्ष द्या. पलीकडचा काठ तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात मोडायचा, आणि ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ ला वेगळा होईपर्यंत तसाच होता. म्हणजे मे सोतच्या शेतकऱ्याच्या समोर सत्तर वर्षं कागदोपत्री हिंदुस्थान होता! उत्तर सयामच्या सागाच्या व्यापारात आपला रुपया चालायचा तो त्यामुळेच.

मुंबई कुठे येते? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ ला मुंबईत वॉलेस बंधूंनी काढलेली कंपनी, धंदा ब्रह्मदेशातला साग. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याच्या दरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला की ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, आणि लाखोंचा दंड ठोठावला. फ्रेंच आधीच मंडालेत घिरट्या घालत होते, इंग्रजांना निमित्त हवंच होतं, नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसरं युद्ध, पंधरा-एक दिवसांत संपलं, आणि थिबा राणीसकट आधी मद्रास आणि मग १८८६ ला तुमच्या रत्नागिरीत. पॅलेस १९१० चा, त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला, डिसेंबर १९१६ ला गेला. फक्त सागामुळे युद्ध झालं असं मी म्हणणार नाही, फ्रेंचांची भीती मोठी होती, पण दंडाचा कागद नसता तर एवढं पटकन झालं नसतं असं माझं मत.

त्यानंतर काही वर्षांत हीच मुंबईची कंपनी सयाममध्येही साग तोडायला उतरली, आणि पिंग नदीवरचं राहेंग हे तिथल्या लाकडाच्या धंद्याचं एक मोठं ठिकाण. राहेंग म्हणजे आजचं ताक शहर. डोंगराच्या पूर्वेचा ओंडका पिंगमधून तरंगत बँकॉकला, पश्चिमेचा मॉलमीनला. कोणतं झाड कुठल्या बंदरात जाणार हे डोंगराने ठरवलेलं, सरकारने नाही. मुंबईत जुन्या घराचा जिना दाखवून "बर्मा टीक आहे" असं अभिमानाने सांगतात ना, त्यातलं काही लाकूड साल्वीनच्याच खोऱ्यातलं असणार. आज थायलंडमध्ये जंगलतोडीवर बंदी आहे, १९८९ पासून, त्याच्या आदल्या वर्षी दक्षिणेत दरडी कोसळून शेकडो माणसं मेली तेव्हापासून.

तर घरातल्या वादात ज्यांनी "संबंध आहे" म्हटलं त्यांना गरम उकडीचे मोदक द्या.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जपानी इथूनच आले का? आजोबा रंगूनहून चालत आले होते असं घरात सांगतात. (परळ)

उत्तर : हो. जपानी फौजा जानेवारी १९४२ मध्ये राहेंग आणि मे सोतवरून सीमा ओलांडून ब्रह्मदेशात शिरल्या. पलीकडे कॉकरेकच्या घाटात भारतीय ब्रिगेड होती, ती टिकली नाही, आणि ३१ जानेवारीला मॉलमीन पडलं. मार्चमध्ये रंगून. त्यानंतर लाखो भारतीय आराकान आणि मणिपूरच्या वाटेने चालत निघाले, त्यात तुमचे आजोबा असणार. त्यांच्याकडे तेव्हाचा एखादा कागद, पास, काही असेल तर फेकू नका, स्कॅन करून ठेवा.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतोय. थायलंडमध्ये प्रांताचा कारभार कसा चालतो? आपल्या जिल्ह्यासारखा की राज्यासारखा? (कल्याण)

उत्तर : जिल्ह्यासारखा, राज्यासारखा अजिबात नाही. थायलंड एकसंध राज्य आहे, ७६ प्रांत आणि वेगळं बँकॉक. प्रांताला 'चांगवात' म्हणतात, खाली 'अम्फो' म्हणजे तालुका, ताकमध्ये असे नऊ, त्याच्या खाली 'तांबोन' आणि मग गाव.

प्रांताचा गव्हर्नर म्हणजे आपला कलेक्टरच समज. निवडून येत नाही, बँकॉकच्या गृहमंत्रालयाचा नोकर, दोन-तीन वर्षांत बदली. गव्हर्नर निवडून येतो तो फक्त बँकॉक शहराचा. तालुक्याचा प्रमुखही गृहखात्याचाच. गावचा मुखिया आणि तांबोनचा प्रमुख ('कामनान') हे स्थानिक असतात, आणि त्यांची मजा अशी की गावमुखिया एकदा निवडून आला की वयाच्या साठीपर्यंत. मध्ये कामाचं मूल्यमापन होतं म्हणे, पण तरी. आपल्याकडे सरपंचाला असं सांगितलं तर पेढे वाटेल.

याच्या समांतर दुसरी साखळी, निवडून आलेली, प्रांतिक प्रशासन संघटना म्हणजे आपली जिल्हा परिषद, आणि नगरपालिका. मे सोत ही २०१० पासून महानगराच्या दर्जाची नगरपालिका आहे. पण पैसा आणि अधिकार यांची किल्ली गव्हर्नरकडे.

ही रचना आली कुठून? राजा चुलालोंगकोर्नने १८९२ ला नवी मंत्रालयं केली, गृहखातं राजपुत्र दामरोंगकडे दिलं, आणि त्याने वंशपरंपरेचे स्थानिक सरदार हटवून बँकॉकहून पगारी अधिकारी पाठवायला सुरुवात केली. कारण इंग्रज पश्चिमेला, फ्रेंच पूर्वेला, आणि ज्या जमिनीवर तुमचा माणूस बसलेला नाही ती जमीन तुमची नाही हा त्या काळचा नियम. इंग्रजांचीच कलेक्टर पद्धत इंग्रजांना अडवायला वापरली असं मी म्हणेन, परीक्षेत मात्र असं लिहू नकोस.

ताकची अडचण अशी की गव्हर्नर बसतो डोंगराच्या पूर्वेला आणि सगळी भानगड पश्चिमेला. व्यापार, कारखाने, निर्वासित, सैन्य, स्मगलिंग, सगळं मे सोतला. २०१५ मध्ये मे सोत, फोप फ्रा आणि मे रामात या तीन तालुक्यांत विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर केलं, नदीवर दुसरा मैत्री पूल २०१९ ला सुरू झाला (पहिला १९९७ चा), आणि मे सोतचा वेगळा प्रांत करा ही मागणी अधूनमधून येतेच. पालघर ठाण्यातून वेगळा व्हायला २०१४ उजाडलं, तसंच ते. व्हायला हवा असं मला वाटतं, पण नुसता प्रांत वेगळा करून उपयोग नाही, मे सोतच्या माणसाला स्वतःचा गव्हर्नर निवडता आला पाहिजे.

प्रश्न : तिकडे निर्वासितांच्या छावण्या आहेत म्हणे, त्या कोण चालवतं? (मुलुंड)

उत्तर : सगळ्यात मोठी मे ला, था सोंग यांग तालुक्यात, मे सोतहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्याला लागूनच. बसमधून जाताना दिसते, कड्याच्या पायथ्याशी बांबूच्या आणि पानांच्या झोपड्या एकावर एक. १९८४ पासून आहे आणि तीस हजारांहून जास्त माणसं. प्रांतात आणखी दोन, उम्पियेम माई आणि नू पो. बहुतेक करेन.

करेन नॅशनल युनियन ही करेनांची सशस्त्र संघटना १९४७ ची, आणि म्यानमार सरकारशी त्यांची लढाई जानेवारी १९४९ पासून चालू आहे, जगातल्या सगळ्यात लांबलेल्या लढायांपैकी एक. १९९४ च्या शेवटी बौद्ध करेन सैनिकांचा एक गट ख्रिस्ती पुढाऱ्यांवर चिडून फुटला आणि सरकारला मिळाला, जानेवारी १९९५ ला मोईच्या काठावरचं मानरप्लॉ हे मुख्यालय पडलं, आणि लोकांचे लोंढे नदी ओलांडून आले. २०२१ च्या लष्करी बंडानंतर परत तेच.

कोण चालवतं? कागदावर थाई गृहखातं. थायलंडने निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही (भारतानेही नाही), म्हणून सरकारी भाषेत ही 'तात्पुरती आश्रयस्थानं', आणि छावणीचा प्रमुख म्हणजे तालुक्याचा उपअधिकारी. चाळीस वर्षांचं तात्पुरतं! संक्रमण शिबिरात जन्म काढलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजावायला नको. अन्न, औषधं परदेशी मदतीवर, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने पैसा थांबवल्यावर फार हाल झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थाई मंत्रिमंडळाने छावणीतल्या लोकांना बाहेर कायदेशीर काम करायची परवानगी मंजूर केली. उशिरा का होईना बरं केलं, मजूर हवेच होते.

मे सोतमधल्या एका डॉक्टरबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं, डॉ. सिंथिया माँग. स्वतः करेन, म्यानमारमधल्या १९८८ च्या आंदोलनानंतर पळून आल्या, १९८९ ला मे ताओ क्लिनिक काढलं, सुरुवातीला उपकरणं भाताच्या कुकरमध्ये उकळून घ्यायच्या. २००२ ला मॅगसेसे मिळालं. निर्वासित, मजूर, नदीपलीकडून आलेला पेशंट, कोणालाही परत पाठवत नाहीत.

प्रश्न : माझ्या भाच्याला बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी लागतेय, एजंट म्हणतो तिकीट आम्ही काढतो, पगार चांगला आहे. मागचा अंक वाचून धस्स झालं. पाठवू का? (डोंबिवली)

उत्तर : ताई, नका पाठवू. निदान मी पुढे सांगतो ते तपासल्याशिवाय तरी नाहीच.

ही मुलं फसतात कशी ते बघा. मुलगा टुरिस्ट म्हणून बँकॉकला उतरतो. विमानतळावर गाडी येते, "ऑफिस थोडं बाहेर आहे" म्हणतात, आणि ती गाडी सात-आठ तास चालते. मुलाला वाटतं थायलंडच आहे, आणि असतंही, मे सोतपर्यंत. मग रात्री कुठल्या तरी शेतातून नदीवर, उन्हाळ्यात मोईला गुडघाभर पाणी असतं, होडीने दोन मिनिटं, आणि पलीकडे केके पार्क किंवा श्वे कोक्को नावाची भिंतीआडची वसाहत. पासपोर्ट काढून घेतात. आणि मग रोज पंधरा-सोळा तास लोकांना फसवायचं काम, खोट्या मुलीच्या नावाने चॅट, खोटी गुंतवणूक, क्रिप्टो. टार्गेट झालं नाही की मार, शॉक. सोडायचे तर घरच्यांकडून पैसे.

म्यानमारचं सरकार काय करतं? त्या पट्टीत त्यांचं चालत नाही. तिथे जोर सीमा रक्षक दल नावाच्या करेन गटाचा, १९९४ ला फुटलेल्यांतलेच लोक २०१० ला लष्कराच्या छत्राखाली आले ते. जमीन ते देतात, पैसा मुख्यतः चिनी टोळ्यांचा. आणि वीज, इंटरनेट, डिझेल कुठून यायचं? थायलंडहून! जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी नटालाच मे सोतमधून पळवून नेलं, चिनी पर्यटक घाबरून थायलंडला यायचे थांबले, तेव्हा कुठे ५ फेब्रुवारी २०२५ ला थायलंडने पलीकडच्या पाच ठिकाणांची वीज तोडली. मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीय आणले, पहिल्या फेरीत २८३. वर्षाच्या शेवटी केके पार्कवर कारवाई झाल्यावर परत शेकडो लोक नदी ओलांडून आले, त्यांच्यासाठी परत विमानं. अड्डे मात्र संपलेले नाहीत, जागा बदलतात.

तपासायचं काय? पहिलं, एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का. नसेल तर विषय संपला. दुसरं, टुरिस्ट म्हणून किंवा व्हिसाशिवाय शिरून थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही, कामाचा व्हिसा भारतातूनच करून जायचा, "तिकडे गेल्यावर करू" म्हणाला की समजायचं. तिसरं, कंपनीचं नाव घेऊन बँकॉकच्या भारतीय दूतावासाला मेल टाका, ते सांगतात. आणि चौथं माझं स्वतःचं, टायपिंगच्या कामाला कंपनी मुंबईहून विमानाचं तिकीट काढून माणूस का नेईल? बँकॉकमध्ये टायपिंग करणारे नाहीत? भाचा ऐकत नसेल तर हा अंक त्याच्या हातात द्या. आणि समजा गेलाच, तर फोनचं लोकेशन चालू ठेवायला सांगा, आणि ताक किंवा मे सोत ही नावं दिसली की गाडीतून उतरायचं, पेट्रोल पंपावर, चेकपोस्टवर, कुठेही. ताक ते मे सोतच्या घाटात पोलिसांची आणि लष्कराची नाकी आहेत, तिथे आरडाओरडा करायचा. डोंगर ओलांडायच्या आत. नदीवर कोणी अडवत नाही.

प्रश्न : बाइकवरून मुंबई ते बँकॉक जायचंय. मणिपूरहून हायवे होतोय ना? (बोरिवली)

उत्तर : होतोय, बराच काळ होतोय. भारत-म्यानमार-थायलंड त्रिपक्षीय महामार्ग, मणिपूरच्या मोरेपासून मे सोतपर्यंत, साधारण १,३६० किलोमीटर. कल्पना २००२ ची. म्यानमारमधले पूल आणि कालेवा ते यार्गी हा तुकडा भारताच्या खर्चाने. रखडलंय कारण मधला बराचसा भाग युद्धात आहे, एप्रिल २०२४ मध्ये तर म्यावाडी गावच काही दिवस बंडखोरांकडे गेलं होतं, आणि मणिपूरमध्ये काय चाललंय ते तुम्ही जाणताच. आत्ता नका जाऊ. बाइक बँकॉकमध्ये भाड्याने मिळते.

प्रश्न : मे सोतचा तांदूळ विषारी आहे असं कुठे तरी वाचलं, खरं का? (चेंबूर)

उत्तर : सगळा नाही. मे सोतजवळ झिंकची मोठी खाण होती, आणि मे ताओ ओढ्याच्या पाण्यावरच्या शेतांत कॅडमियम सापडलं, माती आणि तांदूळ दोन्हीत, २००० च्या आसपासची गोष्ट. कॅडमियम किडनी आणि हाडं खातं. त्या गावांना भाताऐवजी ऊस लावायला लावला, इथेनॉलसाठी. २०२४ मध्ये या खाणीचा पुरून ठेवलेला हजारो टन गाळ उकरून बँकॉकजवळच्या गोदामांत विकलेला सापडला आणि मोठा गाजावाजा झाला. पुरलेलं विष कोणी विकत घेतं, यावर मी आणखी काय बोलू.

प्रश्न : एवढं सगळं ऐकल्यावर फिरायला जाण्यासारखं काही आहे का? आम्ही दोघं साठीचे, चालू शकतो. (गिरगाव)

उत्तर : आहे की, आणि थाई बाजूला टुरिस्टला तसा धोका नाही, फक्त नदीच्या अगदी काठाने उगाच भटकायचं नाही आणि पलीकडे गोळीबार चालू आहे का ते निघायच्या आधी बघायचं.

उम्फांगला जा. तिथला थी लो सू धबधबा थायलंडमधला सगळ्यात मोठा मानतात, जंगलात, टप्प्याटप्प्याने पसरलेला. पण मे सोत ते उम्फांग १६४ किलोमीटरच्या रस्त्याला १,२१९ वळणं आहेत, मोजलेली, टी-शर्टवर छापून विकतात. पूर्वी या रस्त्याला मरणाचा रस्ता म्हणायचे, वळणांमुळे नाही, १९७०-८० च्या काळात रस्ता बांधणाऱ्या कामगारांवर कम्युनिस्ट गनिमांचे हल्ले व्हायचे म्हणून. तुम्हाला माथेरानच्या टॅक्सीत मळमळतं का ते आधी आठवा, गोळी बरोबर घ्या. पावसाळ्यात धबधब्याकडचा कच्चा रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबर धरा, पाणीही असतं आणि थंडीही.

आणि नोव्हेंबरलाच जाणार असाल तर कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास ताक शहरात थांबा. त्या दिवशी सगळ्या थायलंडमध्ये नदीत दिवे सोडतात, केळीच्या खोडाचे द्रोण करून, पण ताकचे लोक नारळाच्या करवंट्या वापरतात. करवंटीत वात लावून एकामागून एक, ठराविक अंतराने, पिंगच्या प्रवाहात हजार दिव्यांची माळ सोडायची आणि वस्त्यांच्या संघांमध्ये स्पर्धा लागते, कोणाची ओळ तुटत नाही त्याची. हॉटेल आधी बुक करा, त्या आठवड्यात मिळत नाही. बँकॉकच्या मो चित स्टँडवरून ताकला बस आहे, सहा-सात तास, आणि मे सोतला बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरून विमानही जातं.